डी ड्राइव्ह फॉरमॅट होत नाही (विंडोज १०)

पत्रिकावाली: नमस्कार. मी घरूनच लग्नपत्रिका आणि बॅनरचं डीटीपी करते. कॉम्प्युटरला १ टीबीची एकच हार्ड डिस्क आहे, तिचे सी, डी, ई असे भाग पाडलेत. हल्ली डी उघडायला फार वेळ लागतो, मोठी सीडीआर (कोरलड्रॉची) फाइल कॉपी करताना हिरवी पट्टी मध्येच अडकते. म्हणून डी फॉरमॅट करायचं ठरवलं. डेटा ई मध्ये कॉपी करून ठेवलाय. पण फॉरमॅट दिलं की ड्राइव्ह वापरात असल्याचा मेसेज येतो. काहीच उघडं नाहीये. आणि फॉरमॅटने माझे मराठी फॉन्ट उडतील का? लग्नसराई तोंडावर आहे.

मिरजकर: ताई, फॉन्ट सी मधल्या विंडोजच्या फोल्डरमध्ये असतात, त्यांना धक्का लागत नाही. डी मध्ये इन्स्टॉल केलेलं सॉफ्टवेअर मात्र जाईल. मेसेज बहुतेक पेजफाइलमुळे येतोय, म्हणजे रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर जी फाइल वापरतं ती. अॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज, परफॉर्मन्स, मग व्हर्च्युअल मेमरी. तिथे डी निवडून ‘नो पेजिंग फाइल’, सेट आणि रीस्टार्ट. डॉक्युमेंट्सचा फोल्डर डी वर हलवलेला नाही ना, तेही बघा.

जुना मेकॅनिक: ताई, फॉरमॅटची घाई नको. डी आणि ई एकाच डिस्कवर आहेत. डिस्क बसली तर दोन्ही एकदम जातील, त्यामुळे ई मधल्या कॉपीला बॅकअप समजू नका. पट्टी अडकते हे ऐकून मला डिस्कचीच शंका येते. क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते चालवा आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’च्या ओळीत काय दिसतं ते कळवा. सेक्टर म्हणजे डिस्कवरचे डेटा साठवायचे छोटे कप्पे.

पत्रिकावाली: वर पिवळ्यात ‘कॉशन’ आलंय. त्या ओळीत बरीच शून्यं आणि शेवटी ३८.

जुना मेकॅनिक: तो आकडा हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीतल्या मोजणीत असतो (३ × १६ + ८), म्हणजे ५६ सेक्टर डिस्कला धड वाचता येत नाहीयेत. फॉरमॅटने हे बरं होणार नाही. क्विक फॉरमॅट फक्त फाइलींची यादी नव्याने मांडतं. फुल फॉरमॅट व्हिस्टापासून सगळ्या सेक्टरवर शून्य लिहितं, त्यानंतर जुनं काही परत मिळत नाही. शिवाय आधीच थकलेल्या डिस्कवर तो ताण कशाला? चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) हीदेखील आत्ता चालवू नका.

आजच बाहेरची यूएसबी डिस्क आणा. तिची फाइल ठेवायची पद्धत (फाइल सिस्टिम) एफएटी३२ असेल तर फॉरमॅट करून एनटीएफएस करून घ्या, नाहीतर ४ जीबीच्या वरची फाइल जाणार नाही. फॉरमॅट देताना ड्राइव्हचं अक्षर आणि साइज दोनदा बघा. आधी चालू ऑर्डरींच्या फाइली, मग फॉन्ट, मग जुनी कामं. एखादी फाइल अडकली तर ती सोडून पुढे जा. कॉपी झालेल्यांपैकी दोन-चार बाहेरच्या डिस्कवरूनच उघडून बघा. मग नवीन एसएसडी बसवून तिच्यावर विंडोज टाका.

पत्रिकावाली: दादा, कॉपी लावली आहे. चालू ऑर्डरींच्या सगळ्या फाइली उघडतायत. गेल्या वर्षीच्या फोल्डरमध्ये एक बॅनर अडकला, तो सोडला.