उत्तर: नुसतं कुलूप पुरत नाही
वर कोणीतरी लिहिलंय की जमिनीखालच्या केबलच्या मॅनहोलच्या (म्हणजे चेंबरच्या) झाकणाला चांगलं कुलूप लावलं की विषय संपला. अहो, कॅलिफोर्नियात एप्रिल २०१३ मध्ये मेटकाफ या वीज सबस्टेशनवर गोळीबार झाला ना, त्याआधी जवळच्या भूमिगत चेंबरमधल्या फोन-इंटरनेटच्या फायबर केबल कापल्या होत्या, मग १७ ट्रान्सफॉर्मरची चाळण केली. झाकण उचलल्या उचलल्या अलार्म वाजला असता तर?? पण असा अलार्म देणारा, झाकणाखाली बसवायचा सेन्सरही वाटतो तितका सोपा नाहीये, बिडाच्या झाकणाखालून सिग्नल नीट बाहेर येत नाही, पावसात चेंबर तुडुंब, बॅटरी बदलायला परत माणूस उतरवा आणि वरून ट्रक गेला की खोटा अलार्म. त्यापेक्षा केबलमधलाच एखादा रिकामा (वापरात नसलेला) फायबर सेन्सर म्हणून वापरला तर चेंबरमध्ये वीज लागत नाही, हादरा साधारण कुठे बसला तेही कळतं. फायबरमधले हादरे वाचणारं मशीन मात्र जाम महाग.