मदत हवी आहे: उन्हाळ्यात लॅपटॉप तापून बंद पडतोय

परभणीत सध्या भरदुपारी खोलीतच ३९ अंश. जुना इंटेल आय५ लॅपटॉप, उबंटू लिनक्स. कर्नल (लिनक्सचा गाभा) सोर्स कोडमधून कंपाइल करायला घेतला की पाचेक मिनिटांत तापमान ९८ च्या पुढं आणि मशीन फटकन बंद. लॉगची शेवटची ओळ ‘क्रिटिकल टेंपरेचर रीच्ड’. फॅन उघडला तर कापसाचा पुंजकाच निघाला (गादीवर ठेवायची सवय!). साफ केला, थर्मल पेस्टही नवी लावली. टर्बो (प्रोसेसरचा जादा वेग) बंद ठेवला तर टिकतो, पण काम रडतखडत.

कूलर सुचवू नका, दुपारी लाईटचा भरवसा नाही. क्रिटिकल मर्यादेलाही हात लावायचा नाही, ती चिप वाचवायलाच आहे. थर्मल-डी (तापमान आवरणारा लिनक्सचा प्रोग्राम) चालू आहे. त्याच्या एक्सएमएल फाइलमध्ये ८५ चा पॅसिव्ह ट्रिप पॉइंट (जिथून प्रोसेसरचा वेग कमी करायला लागतो ते तापमान) देऊन वेग टप्प्याटप्प्यानं उतरवायचा असेल, तर सेन्सर कोणता धरू: सीपीयू पॅकेजचा (खुद्द प्रोसेसर चिपमधला) की एसीपीआयचा (लॅपटॉपचं फर्मवेअर दाखवतं तो)?