५ लिटर दूध म्हणजे इथले किती गॅलन? गौरीजेवणाची बासुंदी करायचीय

एडिसनची_सून:
मंडळी, यंदा गौरीजेवणाला आमच्याकडे पंचवीसेक माणसं आहेत आणि बासुंदी, श्रीखंड दोन्ही घरीच करायचंय. सासूबाईंनी फोनवर प्रमाण सांगितलं, ५ लिटर दूध आणि चक्क्यासाठी २ किलो दही. इथे न्यू जर्सीत दूध गॅलन, हाफ गॅलन नि क्वार्टमध्ये, क्रीम पाइंटमध्ये, दह्याच्या डब्यावर ३२ औंस. त्यात घरात मेजरिंग कप दोन, भारतातून आणलेला २५० मिलीचा आणि इथला २४० चा. नक्की काय नि किती आणू? आणि दुधाचे औंस नि दह्याचे औंस एकच धरायचे का?

रारिटनकाठ:
ताई, आधी दूध बघू. इथला गॅलन ३.७८५ लिटर, त्यात ४ क्वार्ट, म्हणजे क्वार्ट ९४६ मिली, पाइंट त्याच्या निम्मा ४७३, आणि कप २३७ च्या आसपास. लक्षात ठेवायला सोपं म्हणजे १ लिटर = १ क्वार्ट + पाव कप, एवढ्यावर स्वयंपाकघरातलं सगळं निभावतं. तुम्ही १ गॅलन + १ क्वार्ट घेतलंत की ४.७३ लिटर झालं. उरलेल्यासाठी दूध नका घेऊ, हेवी क्रीमचा १ पाइंट घ्या. कारण सासूबाईंचं प्रमाण बहुतेक म्हशीच्या किंवा फुल क्रीम दुधाचं असणार, त्यात फॅट ६ टक्के, आणि इथलं होल मिल्क सव्वातीन टक्क्यांचं, ते कितीही आटवा तशी दाट साय धरत नाही. क्रीम घातल्यावर सगळं मिळून ५.२ लिटर होतं आणि फॅटही ६ च्या थोडं वरच जातं.

डोंबिवली_ते_डॅलस:
औंसचं मी सांगते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. दुधाच्या बाटलीवर फ्लुइड औंस असतात, ते माप आकारमानाचं, एक म्हणजे २९.५७ मिली. दह्याच्या डब्यावर नेट वेट असतं, ते वजन, एक औंस २८.३५ ग्रॅम. म्हणून ३२ औंसचा डबा म्हणजे ९०७ ग्रॅम दही, आणि दुधाचे ३२ म्हणजे ९४६ मिली, एक क्वार्ट. दोन डब्यांत तुमचं १.८१ किलो दही होईल, २ किलोला जवळजवळ १९० ग्रॅम कमी, एक छोटा डबा जास्तीचा घ्याच. आणि गणित करत बसू नका, इथे पाकिटावर औंसशेजारी मिली किंवा ग्रॅम छापलेलेच असतात, बारीक असतात पण असतात, तेच वाचा. कप दोन्हीपैकी कुठलाही चालेल, फक्त एकाच पदार्थाला अर्धं एकाने अर्धं दुसऱ्याने नको. राइस कुकरबरोबर येतो तो कप मात्र बाजूला ठेवा, तो १८० मिलीचा असतो.

लेस्टरकर:
इंग्लंडमधले कोणी वाचत असतील तर थांबा, वरचे आकडे आपल्याकडे चालणार नाहीत. इथला पाइंट ५६८ मिलीचा आणि गॅलन ४.५४६ लिटर. अमेरिकेने २३१ घन इंचाचा जुना वाइन गॅलन ठेवला आणि ब्रिटनने १८२४ मध्ये नवीन इंपीरियल गॅलन आणला, तेव्हापासून दोघांचं माप वेगळं झालं. आपल्याकडे दुधाची ४ पाइंटची बाटली २.२७२ लिटरची, म्हणजे दोन बाटल्यांत साडेचार लिटर.

एडिसनची_सून:
खूप खूप आभार सगळ्यांचे! यादी फ्रिजवर लावली. अजून एकच, माझं सगळ्यात मोठं पातेलं ६ क्वार्टचं आहे, त्यात मावेल ना?

रारिटनकाठ:
नाही हो, ६ क्वार्ट म्हणजे ५.६८ लिटर तेही काठोकाठ, ५.२ लिटर दूध पहिल्याच उकळीला ऊतू जाऊन सगळा स्टोव्ह भरेल. ८ क्वार्टचं जाड बुडाचं कोणाकडे मिळतंय का बघा, साडेसात लिटरचं होतं ते. नाहीतर दोन पातेल्यांत निम्मं निम्मं आटवा आणि निम्म्यावर आलं की एकत्र करा. साखर त्यानंतरच घाला.