मांजरी पिंजऱ्यात जातच नाही, पिल्लं महिन्याची होत आली – मदत हवी आहे

जिन्याखालची:
डोंबिवलीतली सोसायटी, चार इमारती, ९ मांजरं. ७ जणांची नसबंदी झाली आहे, खूण म्हणून सगळ्यांच्या डाव्या कानाचं टोक कापलेलं. उरले एक बोका आणि एक तीनरंगी मांजरी. बोक्याचं होईल, घोडं अडलंय ते मांजरीपाशी.

पिंजरा ३० इंची, आतल्या पट्टीवर पाय पडला की दार पडतं तो. तीनदा लावला. बांगड्याचा तुकडा अगदी मागे ठेवला तरी ती दाराशी बसते, मान लांब करते, एक पंजा आत टाकते आणि पट्टीच्या अलीकडूनच मागे फिरते. आता नुसता पिंजरा दिसला तरी गाडीखाली पळते. मीटर रूममागे तिची ४ पिल्लं आहेत. पायात थोडी डगमगतात, कालपासून ओलं खाणं चाटू लागली आहेत.

१) आत्ताच पकडायची की थांबायचं?
२) या पिंजऱ्याला पर्याय काय?
३) कमिटीने बोर्ड लावलाय: खाणं घातलं तर दंड, आणि मांजरं पोत्यात भरून मच्छी मार्केटला सोडणार. काय उत्तर द्यावं?

सुकटवाला:
खाणं चाटतात म्हणजे पिल्लं चार आठवड्यांच्या आसपास. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एखादं ठेवून बघा, ४०० ते ४५० ग्रॅम भरेल. अजून एक-दोन आठवडे थांबा, पण आठवडे म्हणजे आठवडेच, महिने नाहीत. दूध पाजत असतानाही मांजरी पुन्हा माजावर येते आणि गाभण राहते. पुढे साधारण ६३ ते ६५ दिवसांत नवी वीण. म्हणजे पिल्लं ५ ते ७ आठवड्यांची असतानाचा काळ तुमचा.

तोवर पिंजऱ्याची भीती मोडा. दार सुतळीने वर घट्ट बांधा, पडताच कामा नये. पिंजरा तिच्या रोजच्या जागी, सपाट फरशीवर ठेवा. खाली विटेचा तुकडा असेल तर पाय ठेवताच तो डुगडुगतो आणि तिचा विश्वास कायमचा जातो. आत जाळीवर वर्तमानपत्राची जाड घडी, पट्टीसुद्धा त्याखाली झाकलेली. जाळी पंजाला टोचते हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. पहिल्या दिवशी खाणं दाराबाहेर, मग रोज १० सेंटिमीटर आत. नसबंदी झालेल्या ७ जणांना आधी दुसरीकडे पोटभर वाढा, नाहीतर तेच आत जाऊन बसतात.

पकडायच्या दिवशी पट्टीवर विसंबू नका. पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली दाराला टेकू म्हणून लावा, बाटलीला १० मीटर दोरी. ती शेपटीसकट आत जाऊन खायला लागली की ओढा. घाईत शेपटी बाहेर असताना ओढलंत तर ती जखमी होते आणि परत कधी येत नाही.

जिन्याखालची:
आणि तरीही नाही गेली तर?

सुकटवाला:
मग वरून पडणारा पिंजरा. ९० बाय ९० सेंटिमीटरची लाकडी चौकट, ३० सेंटिमीटर उंच, वर आणि बाजूंना जाळं, एका बाजूला सरकतं दार. एक कड काठीच्या टेकूवर, काठीला दोरी. चौकट पडली की ती धडका मारते आणि उचलूही शकते, म्हणून धावत जाऊन चौकट दाबून धरा आणि आधी चादर टाका. अंधार झाला की शांत होते. मग साधा पिंजरा सरकत्या दाराला भिडवा. तो झाकू नका. तिला उजेडाची वाट तिकडे दिसली पाहिजे, स्वतःहून जाते. हात कशालाही घालायचा नाही, जाड हातमोजेसुद्धा चावा थांबवत नाहीत.

तिसरा उपाय पिल्लांचा. पिल्लं कॅरियरमध्ये घ्या, पिंजऱ्याच्या मागच्या टोकाला चिकटवून ठेवा, दोन्हींवर एकच चादर. आवाज ऐकून ती आतून वाट शोधते. हे तास-दोन तासांचं काम. जमलं नाही तर पिल्लं परत जागेवर.

कान कापलेली:
दवाखान्याचं सांगते. आदल्या रात्रीपासून मांजरीला उपाशी ठेवायचं, पाणी चालू. डॉक्टरांना फोनवरच "दूध पाजणारी आहे" असं सांगा आणि कुशीतून छेद घेणार का ते विचारा. पोटावर सुजलेले सड असतात, शिवाय कुशीतली जखम लांबूनही दिसते. टाके विरघळणारेच हवेत, ही परत हाती लागणार नाही. रेबीजची लस त्याच भुलीत.

एरवी मादी दोन दिवस ठेवतात. हिला पूर्ण शुद्ध आली, सरळ चालली, थोडं खाल्लं की त्याच रात्री पिल्लांकडे सोडा. दूध आटत नाही. भुलीत अंग थंड पडतं, म्हणून पिंजरा पंख्याखाली नको, शेजारी टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली. दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल अजिबात नाही, मांजराला ते विष आहे. पिंजरा फिनाइलने धुऊ नका, साबणपाणी वापरा.

चावलीच कोणाला, तर १५ मिनिटं नळाखाली साबणाने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर. वरून टिंबाएवढी दिसणारी जखम आत खोल असते.

सभासद क्र. ४२:
बोर्डाचं उत्तर तोंडी देऊ नका, लेखी द्या. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतला नियम २० वाचा. कोणाच्याही मालकीचा नसलेला, वस्तीतच जन्मलेला प्राणी त्यात येतो, फक्त कुत्रा नाही. खाण्याच्या जागा सोसायटीनेच ठरवून द्यायच्या आहेत. पण तुमच्यावरही बंधन आहे: मुलांच्या खेळण्याची जागा, जिने, येण्याजाण्याची दारं सोडून, आणि सांडलवंड न करता. जमलं नाही तर पशुवैद्यकीय अधिकारी, पोलीस वगैरेंची समिती बसते. मार्केटला सोडण्याबद्दल १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम ११ दाखवा. उपासमार होईल अशा ठिकाणी सोडून देणं त्यात गुन्हा आहे.

कायद्याच्या आधी मात्र ताट दाखवा. ठरलेली वेळ, अर्धा तास, मग ताट उचललं. मोठ्या मांजराला दिवसाला ५०–६० ग्रॅम कोरडं खाणं पुरतं, म्हणजे ९ जणांचं अर्धा किलोच्या आसपास. ताट पाणी भरलेल्या परातीत ठेवलं की मुंग्या नाहीत. बहुतेक तक्रारी मांजरांच्या नसतात, रात्रभर पडलेल्या भाताच्या असतात. कमिटीला ७ कापलेले कान आणि तारखांची एक पानाची यादी द्या. मांजरं हलवली तर मोकळ्या जागेत नसबंदी न झालेली नवी येतात, हे त्याच पानावर लिहा.

जिन्याखालची:
यादी आज करते. बोक्यासाठी काही वेगळं?

सुकटवाला:
दोन वेळा उपाशी, एक बोंबील, झालं. फक्त शस्त्रक्रियेनंतर साधारण महिनाभर तो मादीला गाभण करू शकतो. म्हणून तो आधी पकडला गेला तरी तिच्या बाबतीत ढिलाई नको.