व्हिजनेर सायफर फोडायचा कोड लिहिलाय, पण कीची लांबीच सापडेना

रात्रपाळी_२: मंडळी मदत करा. सुट्टीत टाइमपास म्हणून पायथनमध्ये जुने सायफर (गुप्तलिपी) एकेक करून लिहितोय. सीझर (सगळी अक्षरं सारख्याच घरांनी पुढे सरकवायची) झाला, तो फोडायला २५ वेळा लूप फिरवला की काम संपलं. व्हिजनेरवर मात्र अडकलोय, त्यात की म्हणजे गुप्त शब्द परत परत लावून त्याच्या अक्षरांप्रमाणे प्रत्येक अक्षर वेगवेगळं सरकतं. इंग्रजी उताऱ्याला ५ अक्षरी की लावली, मग स्पेस काढून दर २ रं, ३ रं, ४ थं अक्षर वेगळं काढत इंडेक्स ऑफ कोइन्सिडन्स (कुठलीही दोन अक्षरं उचलली तर ती सारखी निघायची शक्यता) बघतोय, तर सगळीकडे ०.०४ च्या आसपासच, ५ ला पण!! उतारा चांगला दोन हजार अक्षरांचा आहे. आणि हेच मराठीत जमेल का?

खोडरबर: एन्युमरेट (पायथनमधलं, प्रत्येक घराला ओळीने नंबर देणारं) वापरून की फिरवलीयस ना? मग स्पेसवर पण की पुढे सरकतेय, आणि नंतर तू स्पेस काढल्यास म्हणजे रांगा विस्कटल्या. अक्षर आलं तरच काउंटर वाढव. इंग्रजीला ०.०६७ च्या जवळ यायला पाहिजे, ०.०३८ म्हणजे नुसती भेळ.
बाकी लांबी कळली की व्हिजनेर म्हणजे पाच सुटे सीझरच, आणि अक्षरं मोजून सायफर फोडायची युक्ती अल-किंदी या अरब विद्वानाने नवव्या शतकातच लिहून ठेवलेली. घोडं अडायचं ते लांबीपाशीच.

आजोळ: मुळात पद्धत बेलासो नावाच्या इटालियन माणसाची, १५५३ ची, नाव लागलं व्हिजनेरचं. बॅबेज या इंग्रज गणितज्ञाने १८५४ च्या सुमारास फोडली पण छापलीच नाही, मग १८६३ ला कासिस्की नावाच्या प्रशियन अधिकाऱ्याने रीत छापली. तीही कोड करून बघ, सोपी आहे, परत परत येणारे तीन-तीन अक्षरांचे तुकडे शोधायचे आणि त्यांच्यातल्या अंतरांना कशाने भाग जातो ते बघायचं.
मराठीत युनिकोडचे नंबर (कॉम्प्युटर प्रत्येक अक्षराला देतो ते) सरळ सरकवू नकोस हां. मी ३ ने सरकवलं तर 'मराठी'चं 'ऱळुणृ' झालं, आणि 'ह'चा तर चक्क नुक्ता (अक्षराखालचं टिंब) होतो. व्यंजनांची स्वतःची लिस्ट कर आणि मात्रांना हात लावू नकोस. पण मग मात्रा उघड्या राहतात, ओळखणारा ओळखतो. आमची 'मला'चं 'चलाम' करणारी च-ची भाषा बरी होती त्यापेक्षा 😄

रात्रपाळी_२: खोडरबर दादा, एन्युमरेटच होतं!! ५ ला ०.०६५ आला. पण १० ला आणि १५ ला पण तेवढाच येतोय, परत काही चुकलं का

खोडरबर: पाचाचा पाढा आहे तो, येणारच. सगळ्यात लहान घे.