शब्दचर्चा: एन्क्रिप्शनवर ‘बंदी’, ‘चोरदरवाजा’ आणि ‘कायदेशीर प्रवेश’

मूळ प्रश्न

वेगवेगळ्या देशांची सरकारं एन्क्रिप्शनवर (संदेश असा बदलणं की किल्ली नसलेल्याला तो वाचता येऊ नये) निर्बंध आणू पाहतात, त्यावर मराठीत एक लेख लिहिते आहे. काही शब्दांपाशी अडले. एन्क्रिप्शनसाठी कूटलेखन, कूटबद्धीकरण, सांकेतिकीकरण असे पर्याय दिसतात. ‘स्ट्राँग’ला मजबूत म्हणावं, सशक्त की भक्कम? ‘बॅकडोअर’ला चोरदरवाजा चालेल का? आणि ‘लॉफुल ॲक्सेस’ला ‘कायदेशीर प्रवेश’ लिहिलं की वाचणाऱ्याला प्रश्न पडतो, कायदेशीर आहे तर वाद कसला?

प्रतिसाद

एन्क्रिप्शन हाच शब्द ठेवा. लोक तोच वापरतात. एखाद्या ठिकाणी मराठी शब्द हवाच असेल तर कूटलेखन बरा, छोटा आहे. ‘सांकेतिक’ मात्र टाळा. त्याने अर्थ बिघडतो.

सांकेतिक म्हटलं की आपल्याला गुप्त लिपी आठवते. महानुभावांची सकळ लिपी तशी होती. तिथे गुपित होतं ते लिपीचं, म्हणून इतिहासकार राजवाड्यांनी ती उकलल्यावर तिच्यातल्या पोथ्या वाचण्याची वाट मोकळी झाली. आजच्या एन्क्रिप्शनची रीत उलटी आहे. भाषातज्ज्ञ ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच हे तत्त्व मांडलं होतं: पद्धत शत्रूच्या हाती लागली तरी बिघडता कामा नये, गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली, म्हणजे मजकूर उघडणारा गुप्त आकडा. एईएस ही एन्क्रिप्शनची पद्धत २००१ पासून अमेरिकी सरकारचं मानक आहे आणि ती पहिल्यापासून शेवटपर्यंत छापून जाहीर केलेली आहे.

तुमच्या लेखाला याचा थेट उपयोग आहे. जी गोष्ट जगजाहीर आहे तिच्यावर बंदी कशी घालणार? फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये पीजीपी हा ईमेल एन्क्रिप्ट करणारा प्रोग्रॅम लोकांना दिला, तर शस्त्रनिर्यातीचे नियम मोडले का म्हणून त्यांची जवळपास तीन वर्षं चौकशी चालली. तेव्हा अमेरिकेत एन्क्रिप्शन युद्धसामग्रीच्या यादीत होतं. मग १९९५ मध्ये त्या प्रोग्रॅमचा सगळा कोड पुस्तक म्हणून छापला गेला. कागदावरचं पुस्तक परदेशी पाठवायला अटकाव नव्हता. १९९६ मध्ये खटला न भरताच चौकशी बंद झाली.

प्रतिसाद

‘भक्कम’ला माझं मत. ‘सशक्त’ माणसाला शोभतो.

पण नुसतं विशेषण लिहून सोडू नका, भक्कम म्हणजे किती ते एकदा आकड्यात सांगा. किल्ली ४० बिटांची (बिट म्हणजे ० किंवा १ हा एक अंक) असेल तर सुमारे १.१ लाख कोटी किल्ल्या संभवतात. ऐकायला प्रचंड वाटतं, संगणकाला ते काहीच नाही. दर वाढीव बिटागणिक शक्यता दुप्पट होतात. ५६ बिटांची डीईएस पद्धत १९९८ मध्ये खास बांधलेल्या एका यंत्राने ५६ तासांत फोडली. १२८ बिटांची किल्ली अशी एकेक लावून पाहणं कोणत्याच यंत्राच्या आवाक्यात नाही.

नव्वदच्या दशकात अमेरिकेबाहेर विकायच्या सॉफ्टवेअरला ४० बिटांची मर्यादा होती. तिला ‘बंदी’ कुणी म्हणत नव्हतं. एन्क्रिप्शन खुशाल वापरा, फक्त आम्हाला फोडता येईल एवढंच वापरा, असा तो नियम. २००० मध्ये तो सैल झाला, पण त्याच्यासाठी मुद्दाम कमकुवत केलेले भाग सॉफ्टवेअरमध्ये पडून राहिले. २०१५ मध्ये फ्रीक आणि लॉगजॅम हे दोष उघडकीस आले ते यातूनच. हल्लेखोराला मध्ये शिरून आधुनिक ब्राउझर आणि सर्व्हरला ‘जुनी, निर्यातवाली किल्ली वापरा’ असं पटवता येत होतं. नियम मागे घेऊन पंधरा वर्षं झाली होती, आणि फटका बसू शकत होता तो साध्या वापरकर्त्यांना. मला या सगळ्या वादातला हा सर्वांत बोलका दाखला वाटतो.

प्रतिसाद

‘चोरदरवाजा’ला माझा सक्त विरोध. किल्ल्याचा चोरदरवाजा किल्लेदारानेच बांधलेला असतो, स्वतःच्या माणसांना संकटात निसटता यावं म्हणून. तो ठाऊक नसतो वेढा घालणाऱ्याला. बॅकडोअर याच्या बरोबर उलट आहे: तो बाहेरच्यासाठी ठेवलेला, आणि आत राहणाऱ्यालाच त्याचा पत्ता नाही. ‘मागचं दार’ही पटत नाही, घराला मागचं दार असतंच, त्यात वावगं काही नाही. मी ‘छुपी वाट’ लिहीन.

मात्र प्रत्येक सरकारी मागणीला छुपी वाट म्हणू नका. प्रकार वेगळे आहेत. १९९३ मध्ये अमेरिकेच्या क्लिंटन सरकारने पुढे केलेली क्लिपर चिप (फोनवरचं बोलणं एन्क्रिप्ट करणारी) उघडपणे किल्ली-ठेवीची योजना होती. प्रत्येक चिपच्या किल्लीचे दोन भाग करून दोन सरकारी खात्यांकडे ठेवायचे आणि अधिकृत परवानगी मिळाली की ते जोडायचे. कागदावर काटेकोर. १९९४ मध्ये संशोधक मॅट ब्लेझ यांनी दाखवलं की चिप संदेशासोबत पोलिसांसाठी जी माहिती जोडते तिची पडताळणी फक्त १६ बिटांची आहे, म्हणजे ६५,५३६ शक्यता. तेवढ्या चाचपल्या की खोटी माहिती खपते, एन्क्रिप्शन चालू राहतं आणि ठेवलेली किल्ली निरुपयोगी ठरते. योजना दोनेक वर्षांत बारगळली.

आणि वाट छुपी नसून उघड, कायद्याने केलेली असली तरी तिच्यातून कोण जाईल याची हमी नसते. ग्रीसमधल्या एका मोबाइल कंपनीच्या यंत्रणेत कायदेशीर टॅपिंगसाठी केलेली सोय अज्ञात लोकांनी ताब्यात घेतली आणि २००४-०५ मध्ये पंतप्रधानांसह शंभराहून अधिक जणांचे फोन ऐकले. कोणी, ते कंपनीला सांगता आलं नाही.

प्रतिसाद

वरच्या सगळ्यांचा कल एकीकडे आहे, म्हणून दुसरी बाजू. शब्द निवडतानाच निकाल देऊ नका. पोलिसांची अडचण खोटी नाही. २ डिसेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या सॅन बर्नार्डिनोत १४ माणसं मारली गेली, हल्लेखोराचा आयफोन हाती आला आणि उघडेना. लहान मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रं पसरवणाऱ्यांचा तपास करणाऱ्यांना ही भिंत वारंवार आडवी येते. न्यायालयाचा आदेश हातात असताना मजकूर वाचता येत नसेल, तर त्यांनी ‘कायदेशीर प्रवेश’ मागणं हा कावा नव्हे. तो शब्द त्यांच्या तोंडचा म्हणून तसाच द्या.

प्रतिसाद

अडचण खरी आहे, मान्य. तो शब्द अवतरणचिन्हांत, तपासयंत्रणांच्या तोंडी जरूर द्या. लेखकाच्या स्वतःच्या वाक्यात मात्र तो नको, कारण ‘कायदेशीर’ हे मागणाऱ्याच्या अधिकाराचं वर्णन आहे, यंत्रात काय बदलावं लागेल याचं नाही. किल्ली वापरणारा हातात वॉरंट घेऊन आलाय की चोरून, हे गणिताला कळत नाही. ऑस्ट्रेलियाचे तेव्हाचे पंतप्रधान टर्नबुल २०१७ मध्ये म्हणाले होते की गणिताचे नियम वाखाणण्याजोगे असले तरी ऑस्ट्रेलियात चालतो तो ऑस्ट्रेलियाचा कायदा. पुढच्या वर्षी कायदा झाला तेव्हा त्यात कंपन्यांना ‘सिस्टिमिक वीकनेस’ निर्माण करायला लावता येणार नाही असं लिहावंच लागलं. म्हणजे सगळ्यांच्याच सुरक्षेला भगदाड पडेल असा बदल. त्याची व्याख्या नेमकी काय, यावरच मग भांडण.

सॅन बर्नार्डिनोचंही पूर्ण लिहा. एफबीआयने ॲपलकडे किल्ली मागितली नव्हती. फोनचं संरक्षण सैल करणारं नवं सॉफ्टवेअर बनवून द्या, अशी मागणी होती. मार्च २०१६ मध्ये बाहेरच्या मदतीने फोन उघडला आणि सरकारने अर्ज मागे घेतला. ‘ॲपलने फोन उघडायला नकार दिला’ एवढंच लिहिलं तर अर्धं राहतं.

मूळ प्रश्नकर्ती

खूप मदत झाली. एक राहिलं: ‘बंदी’ लिहू की नको?

प्रतिसाद

शीर्षकात मोह होईल, पण जपून. कायद्यांच्या मसुद्यात हा शब्द बहुधा सापडत नाही. ब्रिटनच्या २०१६ च्या कायद्यात ‘तांत्रिक क्षमता’ (सांगितल्यास संरक्षण काढून मजकूर देता येईल अशी सोय) राखण्याची नोटीस आहे, आणि ती मिळाल्याचं कंपनीला परवानगीशिवाय उघड करता येत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲपलने तिथल्या नव्या ग्राहकांना आयक्लाउडचं सर्वांत कडक संरक्षण देणं थांबवलं. बंदी कुणी जाहीर केली नाही, सोय मात्र गेली.

भारताच्या एन्क्रिप्शन धोरणाचा सप्टेंबर २०१५ चा मसुदा घ्या. त्यात नागरिकांनी एन्क्रिप्ट केलेल्या व्यवहारांचा मूळ मजकूर ९० दिवस जपून ठेवावा आणि मागितल्यास द्यावा असं होतं. अक्षरशः घेतलं तर कुलूपबंद पाठवलेल्या निरोपाची उघडी प्रत आपणच बाळगायची. ओरड झाली, आधी काही सेवा वगळल्या आणि २२ सप्टेंबरला मसुदाच मागे घेतला.

तेव्हा नेमकी मागणी लिहा: किल्ली ठेवून घेणं, किल्ली लहान करणं, मूळ मजकूर राखायला लावणं, किंवा संदेश एन्क्रिप्ट होण्याआधी फोनमध्येच तपासणं. या शेवटच्याला ‘क्लायंट-साइड स्कॅनिंग’ म्हणतात, मराठीत ‘पाठवण्याआधीची तपासणी’ पुरे. युरोपीय संघात मुलांच्या शोषणाची चित्रं शोधण्यासाठीच्या २०२२ च्या प्रस्तावापासूनचा वाद मुख्यतः याच्यावर आहे, आणि त्याचे पाठीराखे म्हणतात की आम्ही एन्क्रिप्शनला हातही लावत नाही. संदेश वाटेत कुलूपबंदच असतो, पण कुलूप लागण्याआधी तो वाचून झालेला असतो. तुमच्या लेखात हे वाक्य येऊ द्या, मग ‘बंदी’ शब्दाची गरज पडणार नाही.

प्रतिसाद

‘ट्रेसेबिलिटी’ही लागेल तुम्हाला. भारताच्या २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांमुळे तो शब्द बातम्यांत आला. ‘शोधक्षमता’ असं भाषांतर पाहिलंय, त्यावरून काही बोध होत नाही. ‘संदेश सर्वांत आधी कोणी पाठवला याचा माग’ असं लिहा. लांब आहे, पण व्हॉट्सॲप २०२१ च्या मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयात कशाविरुद्ध गेलं ते त्यातून लगेच कळतं.