मदत हवी आहे : इथरकॅट मास्टरचा सायकल टाइम रेफरन्स क्लॉकशी कसा बांधावा?

नमस्कार.

एका यंत्रावर सहा सर्वो ड्राइव्ह (मोटरची हालचाल अचूक सांभाळणारे नियंत्रक) इथरकॅट या औद्योगिक नेटवर्कने एकापाठोपाठ एक जोडलेले आहेत. मास्टर (फ्रेम, म्हणजे डेटाची पुडकी, पाठवणारा) म्हणून प्रीएम्प्ट-आरटी, म्हणजे वेळेचे बंधन पाळणाऱ्या कर्नलचा लिनक्स संगणक आहे, सायकल टाइम, म्हणजे दोन फ्रेममधील अंतर, १ मिलिसेकंद आहे आणि सर्व ड्राइव्ह डिस्ट्रिब्यूटेड क्लॉकच्या (ड्राइव्हमधील एकमेकांशी जुळवलेल्या घड्याळांच्या) सिंक-झिरो ठोक्यावर चालतात. बराच वेळ सारे सुरळीत असते आणि मग एखादा ड्राइव्ह सिंक एरर देऊन ऑपमधून (चालू अवस्थेतून) सेफ-ऑपमध्ये (आदेश न स्वीकारणाऱ्या सुरक्षित अवस्थेत) उतरतो व चालू हालचाल अर्ध्यावर तुटते.

आधी संशय केबलवर गेला. केबल बदलल्या, प्रत्येक पोर्टचा सीआरसी काउंटर (खराब फ्रेम मोजणारा) वाचला. तो सगळीकडे शून्यच आहे आणि वर्किंग काउंटरही (ड्राइव्हनी फ्रेम हाताळल्याची मोजणी) शेवटच्या सायकलपर्यंत पूर्ण येतो, म्हणजे फ्रेम हरवत नाही. रात्रभर चालवलेल्या सायक्लिकटेस्टमध्ये (लिनक्स ठरल्या वेळी जागे होते का हे मोजणाऱ्या चाचणीत) जिटर, म्हणजे वेळेतील चढउतार, २२ मायक्रोसेकंदांच्या वर गेला नाही.

मग एक गोष्ट लक्षात आली. पहिला बिघाड कधी लवकर, कधी उशिरा येतो. परंतु एरर पुसून ड्राइव्ह पुन्हा ऑपमध्ये नेला की पुढचा बिघाड जवळपास चार मिनिटे दहा सेकंदांनीच येतो. पहिल्या ड्राइव्हचे घड्याळ हेच रेफरन्स क्लॉक, म्हणजे बाकीच्यांसाठी प्रमाण घड्याळ; त्याचा सिस्टिम टाइम दर सायकलला वाचून मास्टरच्या घड्याळाशी ताडून पाहिला, तेव्हा दोहोंतील फरक सेकंदाला सुमारे ४ मायक्रोसेकंदांनी वाढताना दिसला. या गतीने २५० सेकंदांत बरोबर एक सायकल भरते. म्हणजे फ्रेम हळूहळू सरकत जाऊन सिंक-झिरोच्या ठोक्यावर येऊन आदळते, असे मला खात्रीने वाटते.

यावर दोन मार्ग दिसतात. मास्टरची वेळ दर सायकलला रेफरन्स क्लॉकमध्ये लिहिणे सोपे आहे, पण त्यामुळे मास्टरचा जिटर त्या घड्याळात आणि त्यामागून सर्व अक्षांत उतरेल अशी भीती वाटते. म्हणून ड्राइव्हचे घड्याळ प्रमाण मानून मास्टरची जागे होण्याची वेळच सरकवावी, याकडे माझा कल आहे. ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांना विचारायचे आहे की, ही दुरुस्ती फरकाची दिशा पाहून दर सायकलला ठरावीक नॅनोसेकंदांनी करावी, की पीआय कंट्रोलर (फरक आणि त्याची साठत गेलेली बेरीज पाहून दुरुस्ती करणारा) लावावा? तसेच सिंक-झिरोचा शिफ्ट (सायकलच्या सुरुवातीपासून ठोक्याचे अंतर) मी सध्या ५०० मायक्रोसेकंद, म्हणजे निम्म्या सायकलवर ठेवला आहे. तो तसाच ठेवावा, की फ्रेम शेवटच्या ड्राइव्हपर्यंत पोहोचण्याचा वेळ मोजून त्यात जिटर मिळवून ठरवावा?